बत्तीस आकड्यांची पांढरी एक

स्वयंपाकघरातली पितळी वाटी चमच्याने एकदाच वाजवली आणि फोनवर रेकॉर्ड केली. ठण्ण! आवाज पुरता विरायला साडेतीन सेकंद लागले. फोनला त्याचं काहीच ओझं नाही. मला मात्र ती वाटी बसवायची होती १९८७ सालच्या कमोडोर अमिगा ५०० मध्ये, म्हणजे लॅपटॉपवर त्या संगणकाची नक्कल वठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. मूळ यंत्राची मेमरी ५१२ केबी. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो. सगळी मेमरी रिकामी धरली तरी तीन सेकंदांचा आवाजही मावत नाही. वाटीचं शेपूट बाहेरच लटकणार, आणि अजून चित्रं, प्रोग्रॅम, बाकीची वाद्यं यायची आहेत.

सँपल म्हणजे आकड्यांची एक लांबलचक यादी. हवेच्या दाबाची ठरावीक वेळाने घेतलेली मोजमापं, एकापाठोपाठ एक. ती यादी परत स्पीकरला वाचून दाखवली की आवाज येतो. दुप्पट वेगाने वाचली की तोच आवाज एक सप्तक वर जातो. १९७९ मध्ये सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी या कल्पनेवर फेअरलाइट सीएमआय हे वाद्य बाजारात आणलं. एका आवाजाला १६ केबी मेमरी आणि किंमत एखाद्या घराएवढी. सहा वर्षांनी, जुलै १९८५ मध्ये, पहिला अमिगा आला. त्यातल्या 'पॉला' नावाच्या चिपवर त्याच कल्पनेवरचं चार आवाजांचं यंत्र बसवलेलं होतं, आणि ते घरी टीव्हीला जोडता येत होतं.

पॉलाला एका वेळी चारच आवाज वाजवता येतात, दोन डाव्या स्पीकरला, दोन उजव्याला. प्रत्येक मोजमाप आठ बिटांचं, म्हणजे उणे १२८ ते १२७ मधला एक पूर्णांक. तिची खरी मजा घड्याळात आहे. युरोपात विकलेल्या अमिगात ते सेकंदाला ३५,४६,८९५ ठोके देतं, आणि दर आकडा किती ठोके धरून ठेवायचा ते आपण सांगायचं. ४२८ सांगितलं तर सेकंदाला सुमारे ८,२८७ आकडे वाचले जातात, २१४ सांगितलं तर १६,५७४. चारही आवाजांना हा भागाकार वेगवेगळा देता येतो. त्या काळच्या पीसीवर सगळे आवाज आधी गणित करून एकाच वेगाच्या यादीत मिसळावे लागत, त्यात प्रोसेसरचा घाम निघे आणि आवाजही थोडा मळे. पॉला मिसळामिसळ करतच नाही. चार माणसं आपापल्या गतीने चार कागद वाचतायत, एवढंच.

आता वाटी. प्रिंटरच्या पोर्टला लावायची एक छोटी डबी तेव्हा मिळायची. एका बाजूने टेपरेकॉर्डरची वायर आत, दुसऱ्या बाजूने आकडे बाहेर. १६,५७४ च्या वेगाने साडेतीन सेकंद म्हणजे ५८,००० बाइट. एका वाटीपायी मेमरीचा नववा हिस्सा गेला. शिवाय या वेगाने मोजलं तर ८,२८७ हर्ट्झच्या वरचं काही नीट टिपता येत नाही. वाटीत १०,००० हर्ट्झची चमक असेल आणि ती आधीच गाळली नाही, तर ती नाहीशी न होता ६,५७४ हर्ट्झवर येऊन बसते, एक परका, बेसूर आवाज बनून. वाजवतानाही असंच भूत वर उमटतं. ते झाकायला अमिगात एक फिल्टर आहे. तो बंद केला की पॉवरचा दिवा मंद होतो, कारण दोघांना एकच वायर चालवते. दिवा मंद असताना आवाज उजळ. ही उलटी गंमत मला अजूनही आवडते.

जागा वाचवायचा जुना उपाय म्हणजे लूप. सुरुवातीचा ठोका पूर्ण ठेवायचा आणि पुढचा एक छोटा तुकडा गोल गोल फिरवायचा. तुकड्याचा शेवटचा आकडा ९६ आणि पहिला उणे ४० असेल तर दर फेरीला 'टक' ऐकू येतं, म्हणून सांधा शून्याजवळ शोधायचा, माउसने एकेक बाइट सरकवत. बासरीचा लूप थोड्या खटपटीने जमतो. वाटीचा काही केल्या जमेना. सांधा इतका गुळगुळीत केला की टक पूर्ण गेलं, पण वाटीही गेली. उरला बाजाच्या पेटीसारखा एक सपाट सूर.

थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की चूक माझ्या हाताची नव्हती. एखादा तुकडा सेकंदाला शंभर वेळा फिरवला, तर त्यातून शंभर, दोनशे, तीनशे असे शंभराच्या पटीतलेच स्वर निघू शकतात, दुसरं काही निघूच शकत नाही. बासरीचे किंवा तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, मुळातच जवळपास अशा पटीत असतात, म्हणून त्यांना लूप मानवतो. धातूच्या वाटीचे उपस्वर पटीत बसत नाहीत, त्यातच तिचं वाटीपण आहे. शिवाय वाटी कधीच अगदी गोल नसते, त्यामुळे एकमेकांना चिकटून असलेले दोन स्वर एकत्र वाजतात आणि आवाज घुमतो, वर-खाली होतो. एका घुमाऱ्याहून छोटा लूप घेतला की घुमणं संपलं. तंबोऱ्याची अडचण निराळी. त्याचे उपस्वर पटीत असतात, पण जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहिल्यामुळे, त्यांचा जोर क्षणाक्षणाला बदलत जातो, आणि लूप त्यातला एकच क्षण गोठवून ठेवतो.

मग काही वाद्यं रेकॉर्ड करायचीच कशाला? यादी हातानेही लिहिता येते. ०, २५, ४९, ७१, ९०, १०६, ११७, १२५, १२७ आणि मग उलट क्रमाने खाली, शून्य ओलांडून तसंच उण्याकडे. असे बत्तीस आकडे, बत्तीस बाइट. ४२८ च्या गतीने फिरवले की सेकंदाला २५९ फेऱ्या होतात. पेटीवरची मधली पांढरी एक २६१.६ हर्ट्झची, म्हणजे आपला सूर जरा उतरलेला आहे, पण ओळखीचा. तो चढवायला यादीतले आकडे कमी करू म्हटलं, तर पॉला आकडे जोडीनेच मोजते, एक काढता येत नाही. दोन काढले, तीस राहिले, आणि सूर गेला २७६ वर. पांढरी एकवरून जवळजवळ थेट काळी एकवर! म्हणून अमिगावर गाणी रचायच्या प्रोट्रॅकरसारख्या प्रोग्रॅममध्ये अर्धस्वराचे आठ भाग करून सूर लावायची सोय ठेवावी लागली. सोळा वेळा १२७ आणि सोळा वेळा उणे १२८ लिहिलं तर आवाज पोकळ, नाकातला, जुन्या व्हिडिओ गेमसारखा येतो. अशा चिमुकल्या लूपांवर बांधलेल्या गाण्यांना चिपट्यून म्हणायला लागले, आणि ते नाव अमिगाच्या मंडळींमध्येच रुजलं.

तारछेडीचा आवाज तर शून्यातून निघतो. केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती अशी: चौसष्ट आकडे वाटेल तसे घ्या, निव्वळ खरखर. यादी फिरवताना प्रत्येक आकड्याच्या जागी तो आणि त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवत जा. पहिल्या फेरीत टोकदार शिखरं झिजतात, पुढच्या फेऱ्यांत आणखी. छेडलेल्या तारेतही आधी वरचे उपस्वर मरतात आणि मूळ स्वर मागे रेंगाळतो, म्हणून कान फसतो आणि खरखरीतून सतारीच्या जातीचं काहीतरी ऐकू येतं. सेकंदाच्या आवाजाला सोळा-सतरा हजार बेरजा आणि तितक्याच निमपटी, १९८७ च्या प्रोसेसरलाही जड नाहीत. मी करताना एक ठेच लागली. सरासरी काढताना उरणारा अर्धा दर वेळी खालीच टाकत होतो, त्यामुळे अख्खी यादी हळूहळू शून्याखाली घसरली. अर्धा आळीपाळीने वर-खाली टाकल्यावर तार जागेवर आली.

या सगळ्याला गाण्याचं रूप देणारा प्रोग्रॅम, अल्टिमेट साउंडट्रॅकर, जर्मनीच्या कार्स्टेन ओबार्स्कीने १९८७ मध्ये लिहिला. चार उभे रकाने, चौसष्ट ओळी, वरून खाली सरकणाऱ्या. सँपल पंधरा, नंतरच्या अशा प्रोग्रॅमांत, म्हणजे ट्रॅकरांत, एकतीस. फाइलमध्ये सुरांबरोबर वाद्यांचे आकडेही जात, त्यामुळे एकाचा ढोल दुसऱ्याच्या गाण्यात सर्रास वाजे. चारच रकाने असल्याने तीन सुरांची संगत मांडणं म्हणजे घर विकून बैल घेण्यासारखं होतं. म्हणून तिन्ही सूर आधीच मिसळून एकच सँपल करत. इथेही आकड्यांचं भान हवं. १०० अधिक १०० म्हणजे २००, पण आठ बिटांत २०० नाहीच. तो उणे ५६ होऊन बसतो आणि स्पीकर फट्ट करतो. म्हणून बेरजेआधी प्रत्येक सूर दाबून घ्यायचा. असं सँपल वर सरकवलं की तिन्ही सूर एकमेकांतलं अंतर जसंच्या तसं ठेवून एकदम सरकतात. शास्त्र शिकलेला माणूस असं वाजवणार नाही, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या नाचगाण्यांत हाच आवाज भरून राहिला होता.

वाटीचा लूप मी शेवटी सोडून दिला. पहिला अर्धा सेकंद ठेवला, सुमारे ८,३०० बाइट. शेपूट आकडे लहान करून विरवलं तर शेवटी खरखरच उरते, कारण २५६ पायऱ्यांपैकी वापरात दोन-तीनच राहतात. त्यामुळे आकडे होते तसे मोठेच ठेवले आणि पॉलाची आवाजाची पातळी ६४ वरून पायरीपायरीने शून्यावर आणली. वाटी जरा घाईत असल्यासारखी वाजते, पण वाटीच वाजते.

साठवताना नावाचा रकाना समोर आला, दर सँपलला २२ अक्षरं. एकतीस रकान्यांतले निम्मे तरी रिकामे राहायचे, आणि आवाजाला जागा नसली तरी नावाला होती. म्हणून त्या काळची पोरं रिकाम्या रकान्यांत एकाखाली एक ओळी लिहून मित्रांना निरोप धाडत: गाणं कुठे केलं, किती रात्री जागलो, कोणाला सलाम. जुनी फाइल उघडली की वाद्यांच्या यादीत ढोल, बास, ढोल, आणि मग अचानक कोणाची तरी विचारपूस येते.