काळी चारची फोर्ड आणि पांढरी दोनच्या वरची माझदा

मामा शिपवर होता. आमच्या वाडीत दर दुसऱ्या घरातला एक माणूस मुंबईत नायतर शिपवर, त्यात नवल काही नाही, पण बाकीच्यांचे मामा सेंट आणि टेपरेकॉर्डर आणायचे आणि आमच्या मामाने १९९१ च्या गणपतीला जपानहून आणली एक व्हिडिओ कॅसेट. वर स्टिकर, केशरी-हिरव्या चौकटींची एक चपटी गाडी, नंबर ५५. तेव्हा गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणायची पद्धत होती, एका रात्रीत तीन पिक्चर, त्यातल्या दोन पिक्चरांच्या मध्ये मामाने ही कॅसेट घुसवली आणि अख्ख्या खळ्यातल्या माणसांनी शिव्या घातल्या, कारण चित्रच नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, त्या पण वरून खाली सरकतायत, मधूनच गाडीसारखं काहीतरी दिसल्यासारखं होतंय. आवाज मात्र येत होता. कॉमेंट्री करणारा जपानी माणूस मेघगर्जना झाल्यासारखा जाड आवाजात बोलत होता आणि त्याच्या मागे एक किंचाळी, सतत, सुरात. मामा म्हणाला, "ह्येच्या इंजिनात पिस्टनच नाय, खरा सांगतंय." मी तेव्हा अकरा वर्षांचा. आज पंचेचाळिशीत आहे आणि जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा विषय निघाला की माझ्या डोळ्यासमोर काही येत नाही, कानात येतं.

तर ही शर्यत म्हणजे ले मान्स. फ्रान्समधे १९२३ पासून चालू आहे, चोवीस तास, साडेतेरा किलोमीटरच्या वर एक फेरी, ड्रायव्हर आळीपाळीने बदलतात पण गाडी तीच. १९९१ ला ५५ नंबरच्या माझदा ७८७बी ने ३६२ फेऱ्या मारल्या, ४,९२० किलोमीटरच्या वर. आपली कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर आहे, म्हणजे तीनदा जाऊन-येऊन वर आणखी जवळपास पाचशे, एका दिवसात, टायर-पेट्रोलसाठी थांबणं धरून सरासरी ताशी दोनशेच्या वर. आघाडीला असलेली मर्सिडीज शेवटच्या काही तासांत गरम होऊन बसली आणि जपानी कंपनीने ही शर्यत पहिल्यांदा जिंकली. शेवटच्या पाळीला गाडीत जॉनी हर्बर्ट होता, त्याच्या अंगातलं पाणी इतकं गेलेलं की बक्षीस घ्यायला तो स्टेजवर पोचलाच नाही.

आता आवाजाकडे येतो. त्यासाठी आधी बंदरावर चला.

आमच्या बाजूचे काका तांडेल. त्यांच्या जुन्या होडीला एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, ठक-ठक-ठक करत जायचं, पहाटे घरात झोपून आम्हाला कळायचं की काकांची होडी निघाली. त्या इंजिनाच्या मिनिटाला सहाशे फेऱ्या धरा. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे मिनिटाला तीनशे, सेकंदाला पाच. पाच ठोके कान मोजू शकतो. हेच ठोके वाढवत गेलात आणि सेकंदाला वीसच्या आसपास आलात की गंमत होते, कान मोजणं सोडून देतो आणि त्याला एक सलग गुरगुर ऐकू येते, त्याच्या वर गेलं की चक्क सूर. पेटीच्या आत पितळी रीड तेच करते, हवेचे छोटे छोटे धक्के ठरावीक वेगाने सोडते. म्हणजे इंजिन आणि पेटी यांच्यात फरक फक्त पेटीला पेट्रोल लागत नाही एवढाच. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे मला हा हिशोब करायचा नाद लागला, एकदा तर डबलबारीच्या मध्यंतरात चहाच्या कपाखालच्या कागदावर करत बसलेलो.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला किती फेऱ्या आणि एका फेरीत किती स्फोट, गुणाकार करा.

१९६६ ची फोर्ड जीटी४० घ्या, सात लिटरचं व्ही-८. आठ सिलिंडर, एका फेरीत चार स्फोट. मिनिटाला ६,२०० फेऱ्यांना सेकंदाला ४१३ ठोके होतात, आणि पेटीवर मध्य सप्तकातली काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, ४१५ ला आहे. म्हणजे फोर्ड जवळपास सुरात! आता १९७१ ला जिंकलेली पोर्शे ९१७, आडवी बारा सिलिंडर, फेरीला सहा स्फोट, ८,४०० फेऱ्या धरल्या तर ८४०. ती पण काळी चार, फक्त वरच्या सप्तकातली. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं, तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

फोर्डची एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकन व्ही-८ मधे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि स्फोट एकूण समान अंतराने होत असले तरी एकाच रांगेकडे बघाल तर अंतर वेडंवाकडं असतं, कधी लागोपाठ दोन, मग गॅप. प्रत्येक रांगेला स्वतःचा सायलेन्सर दिला की दोन पखवाजवाले वेगवेगळ्या लयीत वाजवतायत असं होतं, तीच ती अमेरिकन गुबगुब. फोर्डच्या लोकांनी काय केलं, डाव्या रांगेतले काही पाईप उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे ओलांडून नेले, जेणेकरून प्रत्येक बाजूला धक्के समान अंतराने पोचतील. एक धक्का पुढे गेला की त्याच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते, ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते, म्हणून ताकद वाढते. इंजिनाच्या डोक्यावर तो पाईपांचा गुंता बघितला तर पावसाळ्यात जळाऊ लाकडांच्या ढिगाखाली सापडणाऱ्या सापांची आठवण येते, आणि खरंच त्याला तिकडचे लोक सापांची मोळीच म्हणतात.

पोर्शेबद्दल पण एक, आवाजाशी संबंध नाही पण राहवत नाही. ही ९१७ पहिल्या वर्षी, १९६९ ला, सरळ रस्त्यावर इतकी झोकांड्या खायची की ड्रायव्हर तिला घाबरायचे. ऑस्ट्रियात टेस्टिंग चालू होती, आणि जॉन हॉर्समन नावाच्या इंजिनीअरने बघितलं की गाडीच्या अंगावर सगळीकडे चिलटं मरून चिकटलीत पण मागच्या पंखांवर एकही नाही. म्हणजे हवा तिथपर्यंत पोचतच नाही, वरून निघून जाते, पंख नुसते शोभेला. जागेवरच पत्रे ठोकून शेपूट वर उचलली आणि गाडी सरळ चालायला लागली. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हायवेवरून गाडी आणा आणि मग काचेवर पाखरं कुठे चिकटलीत, कुठे नाहीत ते बघा, विंड टनेल फुकटात आहे. ९१७ ने १९७१ ला ५,३३५ किलोमीटर कापले, तो विक्रम २०१० पर्यंत टिकला.

आता माझदा. मामाचं म्हणणं खरं होतं, पिस्टन नाहीच. भुईमुगाच्या शेंगेसारखी एक पोकळी, मधे किंचित आवळलेली, आणि तिच्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर, समोशासारखा. समोशाची तीन टोकं सतत भिंतीला घासत फिरतात, त्यामुळे तीन कप्पे होतात, प्रत्येक कप्पा फिरता फिरता मोठा होतो, लहान होतो, तेवढ्यात हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर सोडणं सगळं उरकतं. रोटर एकदा फिरेपर्यंत शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, तीनदा फिरतो आणि रोटरच्या एका फेरीत स्फोट तीन, म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला एका रोटरमागे एक. ७८७बी ला असे चार रोटर, ९,००० फेऱ्यांना हिशोब येतो बरोबर ६००. वरच्या सप्तकातली पांढरी दोन ५८७ ला आणि काळी दोन ६२२ ला, त्यामुळे माझदा दोघींच्या मधल्या फटीत. पेटीवर वाजवता न येणारा सूर! सतारवाल्यांनी खेचून घ्यावा.

पण नुसत्या आकड्याने ती किंचाळी कळत नाही, कारण व्ही-८ चे पण ९,००० ला ६०० च होतील. फरक दारात आहे. पिस्टनच्या इंजिनात धूर बाहेर जायला व्हॉल्व्ह असतो, तो हळूहळू उघडतो, कुणीतरी अदबीने दार लोटावं तसा. माझदात व्हॉल्व्हच नाही, भिंतीत एक भोक आहे आणि रोटरचं टोक त्या भोकावरून सरकलं की दाबलेला धूर धाडकन बाहेर. धक्का जितका धारदार, तितके मूळ सुराच्या वरचे दुप्पट, तिप्पट, चौपट सूर त्यात जास्त मिसळतात, आणि कानाला जे टोचतं ते हे वरचे. बासरी आणि सनई एकच सूर वाजवत असल्या तरी सनई देवळाच्या बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येते ती ह्याचमुळे.

गाडी समोरून गेली की सूर पडतो तो वेगळाच. कुडाळ स्टेशनवर उभे राहा, न थांबणारी गाडी शंभरच्या स्पीडने हॉर्न दाबत गेली की हॉर्न जवळजवळ कोमल गंधारावरून खाली सा वर येतो, येताना लाटा दाबल्या जातात, जाताना ताणल्या जातात. ताशी तीनशेने जाणारी शर्यतीची गाडी घ्या, तर तोच सूर धैवतावरून सा वर कोसळतो. ती पडझड म्हणजेच आपण लहानपणी खेळण्यातली गाडी फिरवताना तोंडाने काढायचो ते "न्यँऽऽऊं".

आणि मग आवाज गेला. २००६ ला ऑडीची आर१० जिंकली, साडेपाच लिटर, बारा सिलिंडर, डिझेल! ले मान्स डिझेलने जिंकण्याची ती पहिली वेळ. ५,००० फेऱ्यांना फेरीला सहा स्फोट, म्हणजे ५००, पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी सात. पण ऐकणार कोण, धुराच्या वाटेत दोन टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारे पंखे, आणि काजळी अडवणारे फिल्टर, धक्के तिथेच मऊ व्हायचे, गाडी जवळून गेली तरी टायरची आणि वाऱ्याची सळसळ ऐकू यायची. खूप लोक हळहळले, मी पण हळहळलो. हिशोब मात्र त्यांच्या बाजूने आहे, पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेतला साधारण एक तृतीयांश भाग धुरातून गरम वाफाऱ्यासारखा फुकट जातो, टर्बो त्यातला थोडा पकडून कामाला लावतो. आवाज स्वतः म्हणाल तर त्यातला अगदी चिमूटभर, पण तो त्याच धुरावर स्वार असतो, एकाला आवरलं की दुसरा आवरतो. २०१२ ला हायब्रिड जिंकली, ती पण ऑडीच. त्या मानाने रोटरी इंजिन उधळं, पेटण्याची जागा लांबट आणि पातळ, भिंतीच भिंती, उष्णता भिंतींत मुरते आणि कोपऱ्यातलं पेट्रोल न जळता राहतं, म्हणून तर माझदाने एकेका रोटरला तीन-तीन स्पार्क प्लग लावलेले. तांडेलकाकांना विचाराल तर ते म्हणतील डिझेलच्या भावात आवाज कसला ऐकत बसताय.

मग जुन्याची एवढी ओढ का? नॉस्टॅल्जिया हा शब्दच डॉक्टरकी शिकणाऱ्या एका पोराने बनवलाय, योहानेस होफर, १६८८, स्वित्झर्लंड. परमुलखात गेलेल्या स्विस माणसांना घरच्या आठवणीने जे व्हायचं त्याला त्याने रोग म्हणून नाव दिलं, आणि पुढे काही डॉक्टरांचं म्हणणं पडलं की लहानपणापासून डोंगरात गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकून ह्यांच्या कानांना आणि मेंदूला इजा झाली असावी. हसायला येतं पण आवाजाकडे बोट दाखवलं हे मला आवडलं. आताचे मानसशास्त्रज्ञ रोग म्हणत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की दहा ते तीस ह्या वयातल्या आठवणींचा ढीग उंच निघतो, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. मी अकराचा होतो, म्हणजे ढिगाच्या अगदी पायथ्याशी.

गेल्या मे महिन्यात भाच्याने मोबाईलवर ७८७बी चं चांगलं रेकॉर्डिंग लावून दिलं. ऐकलं, छान होतं, पण ती नव्हती. खूप पातळ, खूप वर. माझ्या आठवणीतला सूर मी पेटीवर शोधला तर तो पांढरी सातच्या आसपास मिळाला, तीन-साडेतीन पट्ट्या खाली. वाटलं वयाप्रमाणे कान गेले, पण वय झालं की वरचे सूर ऐकू येईनासे होतात, सगळे सूर खाली सरकत नाहीत. दोन दिवस डोक्यात किडा. मग तो जाड आवाजाचा जपानी माणूस आठवला.

जपानची टीव्ही पद्धत वेगळी, आपली वेगळी. त्यांची सेकंदाला तीस चित्रं, आपली पंचवीस, आणि आपल्या व्हीसीआरमधे टेपसुद्धा जपानपेक्षा हळू सरकते. म्हणून चित्र फाटलं, आणि आवाज फाटला नाही तरी खाली उतरला. कॉमेंट्रीवाला आणि माझदा, दोघेही. म्हणजे चौतीस वर्षं मी ज्या किंचाळीवर जीव टाकला ती कुठल्याच ट्रॅकवर कधी वाजली नव्हती, ती फक्त आमच्या खळ्यात वाजली, भाड्याच्या व्हीसीआरवर. आणि जुळतंय कशाशी तर ऑडीच्या मुक्या डिझेलशी!

मोबाईलमधे स्पीड कमी केला तर उपयोग होत नाही, ते सॉफ्टवेअर सूर शहाण्यासारखा तसाच ठेवतं. भाच्याने लॅपटॉपवर फाईल घेऊन सूरासकट हळू केली, थोडं मागेपुढे करत पेटीवर पांढरी सात धरून बसलो आणि एका जागी जुळलं. स्पीकरवर लावलं. आई आत तांदूळ निवडत होती, तिला गाड्यांचं काडीचं कळत नाही, तिथूनच ओरडली, "ही ती गणपतीतली कॅसेट मां रे? बंद कर आधी."