जनरेटरची जागा ठरवताना आधी धूर कुठे जातो ते बघा

घरासाठी जनरेटर घेताना तो किती केव्हीएचा हवा, कोणत्या इंधनावरचा हवा याचा भरपूर विचार होतो. जागेचा प्रश्न मात्र बसवणारी माणसे दारात आली की निघतो, आणि 'मीटर इथे आहे, इथेच ठेवू' असे ठरून जाते. मीटरजवळची ती भिंत नेमकी एखाद्या खिडकीखाली असते.

जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की साध्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. किती वायू धोकादायक ठरतो, याचा हिशोब करून बघू. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा मावते. तिच्यात दहा लाखांत ४०० भाग इतका कार्बन मोनॉक्साइड व्हायला २४ लिटर वायू, म्हणजे अवघे २७-२८ ग्रॅम पुरतात. या प्रमाणात एक-दोन तासांत डोके दुखू लागते आणि तीन तासांनंतर जिवावर बेतू शकते. साधा पेट्रोल जनरेटर तासाला काही शे ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकतो. त्यातला थोडासा वाटाही खोलीत शिरला तर पुरे. म्हणून गॅरेज, तळघर, जिन्याखालची जागा, बंदिस्त बाल्कनी हे पर्याय सुरुवातीलाच बाद करा. शटर किंवा दार उघडे ठेवल्याने गॅरेज सुरक्षित होत नाही.

बाहेर ठेवला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. घर हवा आत ओढत असते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावा, बाकीची दारे-खिडक्या बंद करा, एकच खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि त्या फटीसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी आतल्या बाजूला वाकते. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच कुठून तरी आत येते. त्या फटीबाहेर सायलेन्सर असेल तर धूरही तिच्यासोबत येणार. वाऱ्याचेही तसेच. घराच्या ज्या बाजूवर वारा आदळतो तिथे तो धूर खिडक्यांवर दाबतो, आणि पाठीमागच्या बाजूला हवा भोवऱ्यासारखी फिरत राहून धूर तिथेच घोटाळतो. दोन भिंतींचा आतला कोपरा सर्वात वाईट. खिडक्या नसलेल्या भिंतीचे टोक, समोर मोकळे आवार आणि धुराचे तोंड घरापासून उलट दिशेला, ही मांडणी चांगली. शेजारच्या घराच्या खिडक्याही या मापात धरायच्या.

अंतर किती ठेवायचे? उचलून नेता येणाऱ्या जनरेटरसाठी दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर. कायम बसवलेल्या, कॅनोपी (वरचे बंद आवरण) असलेल्या संचासाठी अमेरिकेतले एनएफपीए ३७ हे अग्निसुरक्षेचे मानक भिंतीतल्या उघड्या जागांपासून आणि पेट घेणाऱ्या भिंतींपासून ५ फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर सांगते. काही संच आगीच्या चाचणीत उतरलेले असल्याने भिंतीपासून १८ इंचांवरही चालतात. पण हे माप आगीपुरते आहे, धुराचा हिशोब त्यात नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. उत्पादकाचे पुस्तक आणि स्थानिक नियम यांत जे अंतर जास्त असेल ते पाळा, आणि जागा असेल तर त्याहूनही लांब जा.

लांब नेले की केबल वाढते, ही तक्रार आकड्यांत फारशी टिकत नाही. ८ किलोवॉटचा सिंगल फेज संच २३० व्होल्टला सुमारे ३५ अँपिअर देतो. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये ३० मीटरवर व्होल्टेज जेमतेम ४ व्होल्टने पडते. आणखी १० मीटर वाढवले तर सव्वा-दीड व्होल्टचा फरक. मीटरजवळ राहायला हवा तो चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर नेणारा स्विच; जनरेटर नव्हे. गॅसवर चालणारा संच असेल तर मात्र नळीचा व्यास लांबीनुसार पुन्हा ठरवून घ्या, नाहीतर लोड आला की दाब पडतो आणि इंजिन गुदमरते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून टाकी किंवा सिलिंडर तळघराच्या झरोक्याजवळ आणि गटाराच्या तोंडाशी नकोत.

इंजिन इंधनातल्या ऊर्जेची साधारण चौथाईच वीज करते. ८ किलोवॉट वीज मिळते तेव्हा सुमारे २४ किलोवॉट उष्णता धूर आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. २ किलोवॉटचे बारा हीटर एकदम लावल्यासारखे. समोर भिंत, झुडूप किंवा शोभेची जाळी असेल तर गरम हवा वळून पुन्हा आत शिरते आणि तापमान वाढून संच बंद पडतो. कॅनोपीच्या पुढे आणि बाजूंना ९० सेंटिमीटर, वर दीड मीटर मोकळे ठेवा. ऑइल बदलणाऱ्यालाही बसायला तेवढी जागा लागतेच. आवाजासाठीही मोकळीक बरी. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, कोपऱ्यात तो भिंतींवरून परततो.

पाण्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्रात त्सुनामीचे पाणी शिरले आणि खालच्या पातळीवरचे आपत्कालीन जनरेटर बंद पडले. सहाव्या युनिटचा, उंचावर बसवलेला आणि हवेने थंड होणारा एक डिझेल जनरेटर तेवढा चालू राहिला. पाचवे आणि सहावे युनिट त्यावर वाचले. घराच्या आवारात आजवर पाणी कुठवर चढले ती खूण शोधा आणि ओटा तिच्या वर घ्या. मुरूम-खडी ठोकून घट्ट करून त्यावर १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट, चारही बाजूंनी संचापेक्षा १५ सेंटिमीटर मोठे. वळचणीखाली मुळीच नको, पागोळ्या थेट कॅनोपीवर पडतात.

बसवून झाल्यावर, सगळी बिले चुकती करण्याआधी, संच लोडवर अर्धा तास चालवा. घरातला एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवा आणि प्रत्येक खोलीत, विशेषतः झोपायच्या खोल्यांत, कार्बन मोनॉक्साइडचे मीटर फिरवा. वारा वेगळ्या दिशेने असेल त्या दिवशी पुन्हा एकदा. साधे अलार्म कायमचे लावायचेच, पण त्यांतले बरेचसे कमी प्रमाण पडद्यावर दाखवत नाहीत. या चाचणीला शून्यापासून मोजणारे मीटरच हवे. कुठल्याही खोलीत आकडा चढू लागला तर इंजिन बंद करा, खिडक्या उघडा आणि धुराचे तोंड किंवा जागा बदलून घ्या.