स्टॅम्पवर सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली?

‘स्टॅम्पवर लिहून घेतलं, नोटरी केली, आता गाडी आपली!’ जळगाव-धुळ्याकडे जुनी गाडी घेताना हे हमखास ऐकू येतं. चूक आहे ते. नोटरीचा कागद व्यवहार झाल्याचा पुरावा, बस्स. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हेच सांगितलं : गाडी हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावरच आली. म्हणजे नाव न बदलणं विकणाऱ्यालाच जास्त महागात पडतं, आणि नेमका तोच निर्धास्त असतो!

नाव बदलायला आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरा. विकणाऱ्यानं १४ दिवसांत, घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका.

नंदुरबार-धुळ्याकडे सुरतची जीजे-०५ गाडी स्वस्तात मिळते खरी. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते, इथला करही भरावा लागतो. तो धरून भाव करा. आरसीवर बँकेचा बोजा (कर्ज) दिसला तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. इंजिनाचं काय ते मेकॅनिक सांगेलच.