निवड समितीत बाई असली की बायकांची निवड होते?

मुलाखतीच्या समितीत एक बाई बसवली की महिला उमेदवारांना न्याय मिळतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

इटली आणि स्पेनमध्ये प्राध्यापकांची पात्रता ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य चिठ्ठ्या टाकल्यासारखे, योगायोगाने निवडले जात. त्यामुळे तुलना चोख करता आली. सुमारे १ लाख अर्ज आणि ८ हजार परीक्षक तपासणारा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. समितीत बायका वाढल्या म्हणून पात्र ठरणाऱ्या बायका वाढल्या नाहीत. उलट समितीत बाई आली की पुरुष सदस्य महिला उमेदवारांबाबत अधिक कडक होताना दिसले. मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच वाटतं.

मग ‘बाईच बाईची वैरी’ म्हणायचं का? मुळीच नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या १२७ विज्ञान प्राध्यापकांना एकच अर्ज दिला गेला. काहींना ‘जॉन’ नावाने, काहींना ‘जेनिफर’. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त सुचवला गेला. हा कल प्राध्यापक आणि प्राध्यापिका, दोघांतही सारखाच होता. पूर्वग्रह आपण सगळेच लहानपणापासून शिकतो.

समितीत बायका हव्यातच, तो त्यांचा हक्क आहे. पण निष्पक्ष निवडीची जबाबदारी त्या एकटीच्या खांद्यावर टाकू नका. निकष आधी लिहून काढा, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, गुण चर्चेआधी नोंदवा.