फेस आला नाही म्हणजे गॅस कमी पडला, असं नसतं

इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये बीअर बनवणारे आम्ही सहा-सात मराठी लोक आहोत, आणि दर बॅचला कोणाचा तरी फोन येतोच, "अरे फेसच येत नाहीये, पुढच्या वेळी साखर वाढवू का?" (बाटलीत भरताना थोडी साखर घालतात, यीस्ट ती खातं आणि त्यातून गॅस तयार होतो.) नको वाढवू! फेस वेगळा, गॅस वेगळा, आणि चवीचा खरा खेळ गॅसचा आहे.

फेस सगळ्यांना दिसतोच, त्यावर वेळ घालवत नाही. गॅस म्हणजे बीअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, तो मोजतात व्हॉल्यूममध्ये, म्हणजे एक लिटर बीअरमध्ये एक लिटर गॅस असेल तर १ व्हॉल्यूम, वजनात जेमतेम २ ग्रॅम. एल हा बीअरचाच एक प्रकार, इंग्लिश कास्क एलमध्ये (पिंपातून थेट ओतली जाणारी) सव्वाच्या आसपास, अमेरिकन पेल एलमध्ये अडीचच्या आसपास, जर्मन गव्हाची बीअर साडेतीनपर्यंत किंवा वरही जाते.

आता सोडा आठवा. त्यात बीअरपेक्षा जास्त गॅस असतो, ओतला की जोरात फसफसतो आणि काही सेकंदांत वर काहीच उरत नाही. उलट नायट्रोजन गॅसवर ओतलेली गिनेस ही काळी आयरिश बीअर घ्या, कार्बन डायऑक्साइड जेमतेम सव्वा व्हॉल्यूम, पण फेस सायीसारखा दाट आणि शेवटच्या घोटापर्यंत टिकणारा. त्यात नायट्रोजनच्या बारीक, चिवट बुडबुड्यांचा हात मोठा, पण एरवीही गॅस नुसता बुडबुडा तयार करतो, तो फुटू न देण्याचं काम माल्टमधलं (मोड आणून वाळवलेलं धान्य) प्रोटीन आणि हॉप्समधली (बीअरला कडूपणा देणारी फुलं) कडू द्रव्यं करतात, आणि त्या कामाची वाट लावतो तेलकटपणा. मागच्या महिन्यात एका मित्राकडे हेच झालं, फेस नाही म्हणून तो वैतागलेला, मी ग्लास उजेडात धरला तर आतल्या बाजूला बुडबुडे नुसते चिकटून बसलेले. आदल्या रात्री मुलांनी त्यातच लस्सी प्यायली होती. ग्लास गरम पाण्याने घासून भरपूर खळबळला, त्याच बाटलीतली उरलेली बीअर ओतली, दोन बोटं फेस!

आणि तो साखर वाढवायला निघाला होता. १९ लिटरच्या बॅचला, बीअर २० डिग्रीच्या आसपास असेल तर, साधी साखर १२० ग्रॅम घातली की साधारण २.४ व्हॉल्यूम होतात. तो १८० घालणार होता, म्हणजे ३.२ च्या आसपास. बाटल्या फुटायची भीती आहेच, पण नाही फुटल्या तरी पेल एलची चव गेलीच समजा, बीअर तोंडात पातळ लागते, माल्टचा गोडवा मागे पडतो आणि हॉप्सचा कडूपणा घशाला टोचायला लागतो. गॅस कमी पडला तर उलट होतं, तीच बीअर गोडसर, जड, मरगळलेली लागते. मला स्वतःला पेल एल २.३ ला आवडते, त्याच्या वर मी जात नाही. पण बिटर ही इंग्लिश एल कमी गॅसचीच असते, तिला फ्लॅट म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

जिभेवर होतं काय, तर आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते विरघळलेल्या गॅसपासून तिथल्या तिथे आम्ल तयार करतं, २००९ मध्ये उंदरांवरच्या संशोधनात हे नीट दिसलं. लडाखला किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना आपले ट्रेकर उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेतात ना, ती गोळी हेच एन्झाइम अडवते, म्हणून गोळी चालू असताना सोडा किंवा बीअर प्यायली तर बुडबुडे सगळे समोर दिसतात आणि चव मात्र बेकार, शिळी लागते.

बाकी बारीकसारीक. बाटल्या दोन आठवडे घरातल्या उबेत आणि मग दोन दिवस फ्रीजमध्ये, हे दोन दिवस कोणीच पाळत नाही. गरम बाटली उघडली की गॅस भसकन बाहेर येतो, ग्लासभर फेस आणि खाली बीअर मिळमिळीत, म्हणजे फेस जास्त आणि गॅस कमी. आणि साखर काट्यावर मोजा, चमच्याने नाही.

पुढच्या वेळी फेस दिसला नाही तर फोन करायच्या आधी एक घोट घ्या. जिभेला चुरचुरलं तर गॅस आहे, ग्लास धुवा. नाही चुरचुरलं तर उरलेल्या बाटल्या फ्रीजबाहेर काढून अजून आठवडाभर उबेत ठेवा.