प्रशिक्षणोत्तर औषधप्रयोग

प्राण्याला आधी एखादी गोष्ट शिकवायची, शिकवणी संपल्यावर औषध टोचायचे आणि एक-दोन दिवसांनी, औषधाचा अंमल उतरल्यावर, त्याला काय आठवते ते पाहायचे, अशी ही प्रायोगिक पद्धत आहे. तिचे सारे बळ औषधाच्या वेळेत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९१७ मध्ये स्ट्रिक्निन (मज्जासंस्था उत्तेजित करणारे एक विष) थोड्या मात्रेत दिलेले उंदीर चक्रव्यूह लवकर शिकतात असे दाखवले, पण औषध शिकतानाच अंगात असल्याने सुधारणा स्मृतीची की नुसत्या तरतरीची, हे ठरेना. स्मृतीचे अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅकगॉ यांनी पुढे टोचणी शिकवणीनंतर नेली आणि हा गुंता बराचसा सुटला.

सर्वाधिक वापर होतो तो 'अंधाऱ्या कप्प्या'च्या कसोटीचा. उंदराला उजेडाच्या कप्प्यात सोडतात; स्वभावानुसार तो काही सेकंदांत अंधारात शिरतो. मागचे दार पाडून जाळीतून साधारण ०.३ ते ०.८ मिलिअँपिअरचा झटका एक-दोन सेकंद देतात, उंदीर बाहेर काढतात आणि लगेच औषध टोचतात. चाचणीच्या दिवशी झटका नसतो. उंदीर अंधारात जायला किती सेकंद थांबतो तेवढेच मोजतात. ३०० किंवा ६०० सेकंदांना मोजणी थांबवतात.

झटक्याची तीव्रता ठरवताना प्रयोग फसू शकतो. औषध स्मृती वाढवते असे दाखवायचे असेल तर झटका सौम्यच हवा; जोरदार झटक्यानंतर औषधाऐवजी नुसते सलाइन (मिठाचे पाणी) दिलेले उंदीरही ६०० सेकंद अंधारात जात नाहीत, मग वाढ दिसणार कुठे? स्मृती बिघडवणाऱ्या औषधासाठी नेमके उलट. जाळीवर लघवी-लेंड्या साचल्या की विद्युतप्रवाह त्यांतून निघून जातो आणि पुढच्या उंदराला झटका कमी बसतो. म्हणून प्रत्येक उंदरानंतर जाळी पुसून कोरडी करायची. पुसल्याने आधीच्या उंदराचा वासही जातो.

ताणाच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचे उदाहरण बोलके आहे. ०.१ मिग्रॅ. प्रति किग्रॅ. ही मात्रा कातडीखाली दिल्यास स्मृती सुधारते. मात्रा बरीच वाढवली की फायदा नाहीसा होतो किंवा उलटतो. २५० ग्रॅमच्या उंदराला ही मात्रा ०.०२५ मिग्रॅ. होते, म्हणजे ०.१ मिग्रॅ. प्रति मिली. द्रावणाचे ०.२५ मिली. द्रावण ताजेच करावे आणि उजेडापासून जपावे. गुलाबी-तपकिरी झाक आली की टाकून द्यावे. हेच इंजेक्शन काही तास उशिरा दिले तर परिणाम होत नाही. असा उशिरा टोचलेला गट ठेवल्याशिवाय 'स्मृती पक्की झाली' असे म्हणू नये, कारण औषध दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळले असेल तर तो परिणाम याही गटात दिसेल.

ॲड्रेनॅलिन रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही. शरीरातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूमार्गे संदेश पोचतो आणि ॲमिग्डालात (मेंदूतील भावनांशी निगडित भागात) नॉरॲड्रेनॅलिन हे चेतासंदेशक रसायन स्रवते. तिथे त्याचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध सोडले तर ॲड्रेनॅलिनचा फायदा मिळत नाही.

सुई टोचण्याच्या ताणानेही उंदराचे स्वतःचे ॲड्रेनॅलिन वाढते. त्यामुळे आधीचे काही दिवस उंदरांना हाताळून सवय लावतात, आणि सलाइनचा गट तर हवाच. कोणत्या उंदराला काय टोचले हे सेकंद मोजणाऱ्याला ठाऊक नसावे.

६०० सेकंदांच्या मर्यादेमुळे बरेच आकडे वरच्या टोकाला अडकतात. अशा वेळी सरासरी फसवी ठरते. मध्यक द्यावा आणि गटांची तुलना मान-व्हिटनीसारख्या क्रमाधारित चाचणीने करावी.