त्वचेपलीकडून वीज घेणारा हृदयपंप : पार्श्वभूमी

हार्ट फेल्युअरच्या अखेरच्या टप्प्यात, प्रत्यारोपण शक्य नसले तरी, हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा कायमचा पंप बसवता येतो हे 2001 मध्ये अमेरिकेतील 129 रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले. डाव्या जवनिकेला पंप जोडलेल्यांपैकी 52 टक्के, तर केवळ औषधोपचारावर असलेल्यांपैकी 25 टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. मात्र पंप बसवलेल्यांच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग हेच ठरले. पोटाच्या त्वचेतून बाहेर येणारी वायर, म्हणजे ड्राइव्हलाइन, ही त्या संसर्गाची कायम उघडी वाट असते. आजही तिच्याभोवतीची जखम घरी हातमोजे घालून, जंतुनाशकाने पुसून, नव्या ड्रेसिंगने झाकावी लागते; पोहणे वर्ज्य असते आणि आंघोळीच्या वेळी कंट्रोलर (पंपाचे नियंत्रण करणारी पेटी) व बॅटऱ्या जलरोधक पिशवीत ठेवाव्या लागतात.

पेसमेकरला काही मायक्रोवॅट पुरतात, म्हणून त्याची बॅटरी शरीरातच वर्षानुवर्षे चालते. पंपाला सतत काही वॅट वीज लागते आणि ती बाहेरूनच द्यावी लागते. ड्राइव्हलाइन टाळून ही वीज त्वचेपलीकडून देण्याच्या पद्धतीला ‘वायरलेस’ म्हणतात, पण हा शब्द जपून वापरायला हवा. त्वचेखाली एक कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, आणि तिच्यासमोर बाहेर दुसरी कॉइल असते. बाहेरच्या कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. वायर नाहीशी होते ती फक्त त्वचेपुरती. आत कंट्रोलर, राखीव बॅटरी आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी येतात, म्हणजे शरीरात रोपलेल्या वस्तूंची संख्या उलट वाढते. बाहेरची बॅटरी तर रुग्णासोबत राहतेच.

ही कल्पना नवी नाही. 1999 मध्ये जर्मनीत लायनहार्ट हा पंप याच पद्धतीने बसवला गेला; 2001 मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथे ॲबिओकॉर हे संपूर्ण कृत्रिम हृदयही बाहेर वायर न काढता चालले. लायनहार्टचे काम 2005 मध्ये थांबवण्यात आले आणि वायरविना वीज व्यवहार्य नाही, असा समज त्यानंतर बराच काळ टिकला. तो निष्कर्ष अन्यायकारक होता, असे वाटते. लायनहार्ट ठोके देणारा, आकाराने मोठा पंप होता. प्रत्येक ठोक्याला बदलणारे पंपातील वायूचे आकारमान सामावून घेण्यासाठी शरीरात वेगळी पिशवी ठेवावी लागे आणि तिच्यातील कमी झालेला वायू त्वचेखालच्या पोर्टमध्ये सुई घालून पुन्हा भरावा लागे. अडचणींचा मोठा भाग पंपाचा होता, पण त्याच्यासोबत वीज पोहोचवण्याची पद्धतही बाजूला पडली. अर्थात कॉइल सरकली की वीज घटणे आणि त्वचा तापणे, हे प्रश्न तेव्हाही खरेच होते.

दरम्यान ठोके देणारे पंप मागे पडून सतत प्रवाहाचे पंप आले, तशी ती वायूची पिशवीही अनावश्यक झाली. एक किलोहून जड पंपांच्या जागी सुमारे 200 ग्रॅमचा, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी फिरणारे चाक असलेला हार्टमेट 3 आला. पंप छातीतच मावू लागला आणि विजेची गरजही घटली. डिसेंबर 2018 मध्ये कझाकस्तानातील अस्तानामध्ये दोन रुग्णांवर निराळी मांडणी वापरण्यात आली. तळहाताएवढ्या कॉइलऐवजी छातीच्या पोकळीत फुप्फुसाभोवती मोठे कडे बसवले आणि बाहेरची कॉइल छातीभोवतीच्या पट्ट्यात ठेवली. कडे मोठे असल्याने पट्टा थोडा सरकला तरी वीज मिळत राहते आणि उष्णताही एका जागी साठत नाही. आतल्या बॅटरीवर पंप काही तास चालत असल्याने तेवढ्या वेळासाठी पट्टा काढून ठेवता येत होता.

नेहमीच्या उपचारात मात्र 200 ग्रॅमच्या पंपाचीही ड्राइव्हलाइन अजून पोटातूनच बाहेर काढली जाते.